मोटारचालक आणि सायकलस्वार: रस्त्यावर एकमेकांना वेळ कसा द्यावा

इंदूरच्या राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर, टिळकनगर अशा भागांतील बऱ्याच मराठी घरांत फाटकाच्या आत मोटार आणि सायकल शेजारी शेजारी उभ्या असतात. आई-वडील मोटारीने कामावर जातात, मुलगी सायकलने शिकवणीला जाते आणि आजोबा पहाटे सायकलवर एक फेरी मारून येतात. रस्त्यावर ज्यांना आपण दोन विरुद्ध पक्ष समजतो, ते पुष्कळदा एकाच ताटात जेवणारे असतात. तरीही अपघाताचा विषय निघाला की सायकलवाले मध्येच येतात किंवा मोटारवाले अंगावर गाडी घालतात, या दोनच तक्रारी ऐकू येतात. दोन्हींत तथ्य आहे, पण उद्या सकाळी घराबाहेर पडल्यावर नेमके काय करायचे, हे त्यांतून कळत नाही. ते सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. रस्त्यावरील सुरक्षिततेची जबाबदारी दोघांची आहे, पण ती दोघांवर सारखी नाही. लहान मोटारीचे वजनही साधारण हजार किलो भरते, तर सायकल पंधरा-वीस किलोंची असते आणि तिच्यावरील माणसाभोवती पत्र्याचे कवच नसते. शिवाय वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झालेल्या मोटार वाहन चालन विनियमांमध्ये पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि दिव्यांग यांच्या सुरक्षिततेची विशेष काळजी वाहनचालकाने घ्यावी, असे सांगितले आहे. ब्रिटनने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या वाहतूक संहितेत हेच तत्त्व आणखी स्पष्ट केले: ज्याच्या हातून अधिक इजा होऊ शकते त्याच्यावर अधिक जबाबदारी. मात्र यामुळे सायकलस्वार मोकळा सुटत नाही. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ नुसार गुन्हा आहे आणि ते कलम केवळ मोटारींपुरते मर्यादित नाही.

माझ्या मते या साऱ्या नियमांच्या मुळाशी वेळ आहे. समोरचा काय करतो आहे हे पाहायला, समजायला आणि त्यानुसार हातपाय हलवायला माणसाला एक-दीड सेकंद लागतो. मोटारचालक वेग कमी ठेवून आणि अंतर सोडून तो वेळ देऊ शकतो, तर सायकलस्वार स्वतः नीट दिसून आणि आपला इरादा आधी कळवून तो देऊ शकतो. पुढील सर्व सूचना यातूनच निघतात.

सुरुवात घरच्या फाटकापासून

रविवारी सकाळी, गल्लीत वर्दळ नसताना, घरातील सर्वांनी मिळून एक प्रयोग करून पाहावा. मोटार रस्त्याच्या डाव्या कडेला उभी करून इंजिन बंद करावे, चावी काढून घ्यावी आणि हँडब्रेक लावावा. एरवी जो मोटार चालवतो त्याने चालकाच्या जागेवर बसावे आणि तिन्ही आरसे नेहमीप्रमाणे लावून घ्यावेत. मग दुसऱ्याने सायकल हातात धरून मोटारीच्या मागे दहा-पंधरा पावलांवरून, डाव्या बाजूने, सावकाश चालत पुढे यावे. चालकाने मान न वळवता फक्त आरशांत पाहावे आणि सायकल दिसेनाशी झाली की "थांब" म्हणावे. त्या जागी खडूने रेघ ओढावी. सायकल पुन्हा दिसू लागली की दुसरी रेघ ओढावी. या दोन रेघांच्या मध्ये अख्खी सायकल माणसासकट मावते, हे पाहून बहुतेक चालक चकित होतात. हाच प्रयोग उजव्या बाजूनेही करावा आणि नंतर चालकाने मान डावीकडे वळवून मागच्या खिडकीतून पाहावे. आरशात नसलेली सायकल आता दिसते, आणि वळण्यापूर्वी मान का वळवावी हे पुन्हा समजावून सांगावे लागत नाही.

यानंतर जागा बदलाव्यात. घरातील मुलाला किंवा मुलीला चालकाच्या जागेवर बसवून वडिलांनी सायकल घेऊन त्या दोन रेघांच्या मध्ये उभे राहावे आणि मुलांनी त्यांना आरशात शोधावे. बाबा इथे उभे असूनही दिसत नाहीत, हे ज्या मुलीने स्वतः पाहिले आहे ती पुढे चौकात सिटी बसच्या कुशीत सायकल घालणार नाही. बसच्या आणि ट्रकच्या डाव्या बाजूची न दिसणारी जागा मोटारीपेक्षा कितीतरी मोठी असते, कारण त्यांचा चालक उंचावर आणि उजव्या टोकाला बसलेला असतो. बसच्या नाकासमोर अगदी जवळ उभी असलेली सायकलही त्याला दिसेलच असे नाही.

मोटार चालवताना

वेगाचे गणित एकदा डोळ्यांसमोर आणावे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार दर सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे सरकते. एका सेकंदात ब्रेकवर पाय पडला असे धरले, तरी चांगल्या कोरड्या रस्त्यावर ती थांबेपर्यंत साधारण ३६ मीटर जातात. ताशी ३० किलोमीटर वेगाला हेच अंतर सुमारे १३ मीटर असते. रस्ते सुरक्षेविषयीच्या जागतिक परिषदेने २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात पादचारी, सायकली आणि मोटारी जिथे एकत्र वावरतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा सुचवली, त्यामागे हेच कारण आहे. राजवाडा, खजुरी बाजार किंवा सराफ्याच्या परिसरात गर्दीमुळे हा वेग आपोआपच राहतो. खरी परीक्षा वस्तीतून जाणाऱ्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर असते. अन्नपूर्णा मार्गावर रात्री दहानंतर मोकळीक दिसली म्हणून वेग वाढवण्याचा मोह होतो आणि नेमक्या त्याच वेळी सायकलवरून घरी परतणारे चौकीदार, दुकानांतील कामगार आणि हॉटेलांतील पोरे रस्त्याच्या कडेने जात असतात.

सायकलला मागे टाकताना तिच्या आणि आपल्या आरशाच्या मध्ये किमान दीड मीटर अंतर ठेवावे. प्रौढ माणसाने आडवे पसरलेले दोन्ही हात म्हणजे साधारण दीड-पावणेदोन मीटर, हे माप लक्षात ठेवायला सोपे आहे. एवढे अंतर कशासाठी, असे काही जण विचारतात. सायकल कधीच सरळ रेषेत चालत नाही. खड्डा चुकवताना, चढावर पायडल मारताना किंवा वाऱ्याच्या झोताने ती हातभर बाजूला सरकते आणि तेवढे सरकण्याचा तिला हक्क आहे. समोरून वाहन येत असेल आणि दीड मीटर सोडणे शक्य नसेल, तर मागे टाकू नये आणि सायकलमागेच हळू चालावे. यात पाच-दहा सेकंद जातात आणि ते पुढच्या लाल दिव्यावर बहुधा परत मिळतात. अगदी मागे जाऊन जोरात हॉर्न वाजवणे ही मात्र फार घातक सवय आहे, कारण दचकलेला सायकलस्वार कोणत्या बाजूला झुकेल हे कोणीच सांगू शकत नाही. वाजवायचाच असेल तर दुरून, एकदा आणि हलका वाजवावा.

डावीकडे वळताना होणारे अपघात टाळणे पूर्णपणे चालकाच्या हातात असते. पुढे सायकल आहे, तिच्याही पुढे आपले डावे वळण आहे, आणि घाईत आपण सायकलला उजवीकडून मागे टाकून लगेच तिच्या पुढ्यातून डावीकडे वळतो. सरळ जाणाऱ्या सायकलस्वारासमोर एकाएकी मोटारीची भिंत उभी राहते. वळण वीस-तीस मीटरवर आले असेल तर सायकलला मागे टाकायचेच नाही, असा पक्का नियम करावा. इंडिकेटर आधी द्यावा, सायकलच्या मागे राहावे, ती पुढे गेली की डावा आरसा पाहून, मान वळवून मग वळावे. आपल्या चौकांत डावे वळण सहसा सिग्नलसाठी थांबत नाही. त्यामुळे डावीकडे सुटणारी रांग आणि सरळ जाण्यासाठी कडेला थांबलेल्या सायकली एकाच पट्ट्यात येतात. तिथे सायकलस्वाराला हॉर्न देऊन बाजूला सारण्याऐवजी क्षणभर थांबावे.

मोटारीचे दार उघडताना फारसे कोणी मागे पाहत नाही. कडेला मोटार उभी केली की चालकाचे उजवे दार नेमके सायकलच्या वाटेवर उघडते आणि दाराच्या कडेवर आदळलेला सायकलस्वार मागून येणाऱ्या वाहनापुढे फेकला जातो. त्यावरचा उपाय सवयीचा आहे: उजवे दार डाव्या हाताने उघडावे. डावा हात दारापर्यंत नेताना खांदा आणि मान आपोआप उजवीकडे वळतात आणि मागचा रस्ता दिसतो. डाव्या बाजूला बसलेल्यांनी डावे दार उजव्या हाताने उघडावे, कारण सिग्नलवर थांबलेल्या मोटारीच्या आणि पदपथाच्या मधूनही सायकली जात असतात. मागच्या आसनावरून उतरणाऱ्या पाहुण्यांना आणि मुलांना हे चालकाने सांगावे, विशेषतः गणेशोत्सवात किंवा नाटकाच्या प्रयोगाला सोडताना, जेव्हा सर्वांनाच उतरण्याची घाई असते. प्रवासी वाहने चालवणाऱ्यांनीही हे पाळायला हवे. ई-रिक्षा आणि मॅजिक (छोट्या प्रवासी गाड्या) प्रवासी दिसताच एकदम कडेला घेतल्या जातात. त्याआधी आरशात एक नजर टाकली तर मागून येणारी सायकल दबणार नाही.

रात्री समोरून सायकल येत असेल तर डिपर द्यावा, म्हणजे प्रखर झोत खाली घ्यावा. तसेच सायकलींसाठी आखलेल्या पट्ट्यावर मोटार उभी करू नये, दोन मिनिटांसाठीही नाही. तो पट्टा अडला की सायकलस्वाराला भर वाहतुकीत शिरावे लागते.

सायकल चालवताना

सायकलस्वाराने सर्वप्रथम रस्त्यावरील आपली जागा ठरवावी. पुष्कळ जण भीतीपोटी अगदी कडेला, गटारीच्या जाळीवरून सायकल नेतात. तिथे वाळू, काचा आणि जाळीच्या फटी असतात. त्यांना चुकवायला एकदम उजवीकडे यावे लागते आणि मागच्या चालकाला त्याची कल्पना नसते. त्यामुळे कडेपासून साधारण पाऊण ते एक मीटर आत, सरळ आणि सारख्या गतीने चालावे. उभ्या मोटारींच्या रांगेजवळून जाताना दाराच्या रुंदीएवढे अंतर सोडावे आणि प्रत्येक मोकळ्या जागेत आत शिरून पुन्हा बाहेर येण्याचा खेळ करू नये. आपली रेषा जितकी सरळ, तितका मागच्याला आपला अंदाज येतो.

उलट दिशेने सायकल चालवणे कटाक्षाने टाळावे. समोरून येणारी वाहने दिसत असल्यामुळे ते सुरक्षित आहे, असा समज आपल्याकडे खोलवर रुजला आहे. प्रत्यक्षात दोघांचे वेग एकमेकांत मिळतात आणि टाळण्यासाठी मिळणारा वेळ निम्म्याहून कमी होतो. शिवाय गल्लीतून मुख्य रस्त्यावर डावीकडे वळणारा चालक फक्त उजवीकडून येणारी वाहने पाहत असतो. डावीकडून, कडेकडेने सायकल येईल हे त्याच्या मनातही नसते. पुढच्या दुभाजकाच्या तुटीपर्यंत जाऊन वळून येणे कंटाळवाणे वाटत असेल, तर सायकल हातात धरून पदपथावरून चालावे.

उजवीकडे वळणे हे सायकलस्वाराचे सर्वांत अवघड काम आहे आणि ते टप्प्याटप्प्याने शिकावे लागते. वळणाच्या तीस-चाळीस मीटर आधी उजव्या खांद्यावरून मागे पाहावे. नवशिक्याची सायकल मान वळवताच त्या बाजूला झुकते, म्हणून हा सराव आधी मोकळ्या मैदानात करावा. मागे पुरेशी जागा असेल तर उजवा हात सरळ बाहेर काढून खूण करावी, दोन-तीन सेकंद ती ठेवावी, पुन्हा एकदा मागे पाहावे आणि हळूहळू मध्याकडे सरकावे. हात दाखवला म्हणजे रस्ता आपला झाला, असे मात्र समजू नये. चालकाने वेग कमी केल्याचे दिसल्यावरच पुढे जावे. पलासिया, भंवरकुआ किंवा महू नाका अशा मोठ्या चौकांत मुलांनी आणि ज्येष्ठांनी हा प्रयत्न करूच नये. त्यांनी डाव्या कडेने सरळ चौक ओलांडावा, पलीकडच्या कोपऱ्यावर थांबावे, सायकल उजवीकडे वळवून उभी करावी आणि त्या बाजूचा दिवा हिरवा झाला की सरळ निघावे. यात एका दिव्याएवढा उशीर होतो, पण भरधाव रांगा कापाव्या लागत नाहीत.

बस किंवा ट्रक थांबलेला असेल तेव्हा त्याच्या आणि पदपथाच्या मधल्या फटीत शिरू नये. त्याच्या मागे, चालकाच्या आरशात आपल्याला चालकाचा चेहरा दिसेल अशा जागी थांबावे. आपल्याला आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही.

दिसण्याचा प्रश्न रात्रीपुरता नाही. पावसाळ्यातील संध्याकाळी आणि हिवाळ्यातील धुक्याच्या पहाटे राखाडी कपड्यांतील सायकलस्वार रस्त्याच्या रंगात मिसळून जातो. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, मागील मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर आणि पायडलांवर पिवळे रिफ्लेक्टर असावेत. पायडलांवरचे रिफ्लेक्टर वरखाली हलतात, त्यामुळे पुढे सायकल आहे हे मागच्या चालकाला दुरूनच ओळखता येते. सांवेर रोड किंवा पीथमपूरच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या कामगारांच्या जुन्या सायकलींवर दिवा नसतो. दिवा परवडत नसेल तर कॅरिअरवर आणि मडगार्डवर चकाकणारी पट्टी चिकटवावी, ती अगदी थोड्या खर्चात मिळते. कारखान्यांनी या पट्ट्या पाळीच्या फाटकावरच लावून दिल्या तर फार मोठे काम होईल.

ब्रेक दर आठवड्याला तपासावेत. मूठ पूर्ण आवळल्यावर ती हँडलला टेकत असेल तर तार सैल झाली आहे, आणि ब्रेकचे रबर झिजून त्यावरील खाचा नाहीशा झाल्या असतील तर ते बदलायला हवे. पावसात रिम ओली असते, त्यामुळे पहिल्या क्षणी ब्रेक लागतच नाही. म्हणून थांबण्याच्या जागेच्या बऱ्याच आधी तो हलका दाबून रिम पुसून घ्यावी. सायकलसाठी हेल्मेट कायद्याने सक्तीचे नाही, तरी वापरावे. ते भुवयांच्या वर दोन बोटे बसले पाहिजे आणि हनुवटीखालचा पट्टा बांधलेला पाहिजे. एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. कानांत इअरफोन घालून सायकल चालवू नये, कारण सायकलला आरसा नसतो आणि मागचे जग आपल्याला कानांनीच कळते.

इंदूरच्या रस्त्यांविषयी थोडे

शहरातील अनेक रस्ते आता सिमेंट काँक्रीटचे आहेत. त्यांच्या फरशांमधील उभ्या सांध्यांत सायकलचे अरुंद चाक अडकू शकते, त्यामुळे असा सांधा तिरका ओलांडावा, त्याला समांतर चालू नये. मोटारचालकानेही हे ध्यानात ठेवावे. पुढची सायकल विनाकारण बाजूला आली असे वाटते तेव्हा ती बहुधा सांधा किंवा जाळी चुकवत असते.

आग्रा-मुंबई मार्गावर निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा या पट्ट्यातील बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठी राखून ठेवलेली, मार्गिका काढून टाकण्याचे काम उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ मध्ये सुरू झाले. रस्त्याची आखणी अशी बदलत असते तेव्हा जुन्या सवयींवर विसंबून चालत नाही. कुठे अडथळे उभे असतात, कुठे दुभाजक नव्याने बसवलेला असतो, आणि दोन्ही बाजूंच्या वाहनांना आपली रांग कुठे संपते हे शेवटच्या क्षणी कळते. अशा जागी मोटारीने सायकलला मागे टाकूच नये.

पहाटे सुपर कॉरिडॉर आणि बायपासवर सायकलींचे गट निघतात. बायपासवर अवजड वाहनांचा वेग मोठा असतो, त्यामुळे तिथे दोघादोघांनी गप्पा मारत शेजारून चालणे मला अजिबात पटत नाही. एकामागे एक चालावे आणि सर्वांत मागे असलेल्याचा लाल दिवा लुकलुकता ठेवावा. सिमरोलहून चोरलकडे भेरूघाटात उतरणाऱ्यांनी तर वळणाआधीच वेग आवरावा. उतारावर ट्रकचे ब्रेक तापलेले असतात आणि त्या चालकाला आपल्यासाठी एकदम थांबणे शक्य नसते.

अपघात झालाच तर

मोटारचालकाने तिथून निघून जाऊ नये. जखमीला उपचार मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार त्याचे कर्तव्य आहे. १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस मिळतात. मानेला किंवा पाठीला मार असेल तर जखमीला ओढून उठवू नये, पाणी पाजू नये, रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरावे आणि मागून येणाऱ्या वाहनांना दुरूनच थांबवावे. बघ्यांपैकी कोणाला पोलिसांच्या चौकशीची भीती वाटत असेल, तर त्यांना कायद्याचे कलम १३४-अ सांगावे. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि चांगल्या हेतूने केलेल्या मदतीसाठी त्याला जबाबदार धरता येत नाही. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेनुसार मोटार वाहनाच्या अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. त्यामुळे पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत थांबू नये.

अपघात थोडक्यात टळला अशा प्रसंगांचीही नोंद ठेवावी. एखाद्या वळणावर दोनदा धडक होता होता टळली असेल, तर तिथे झाडाची फांदी आरपार दिसू देत नसेल, दिवा बंद असेल किंवा खड्डा सर्वांना एकाच बाजूला ढकलत असेल. महानगरपालिकेच्या इंदूर ३११ अॅपवर छायाचित्रासह तक्रार करता येते. त्यात जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक आणि चौकापासूनचे अंतर लिहावे, म्हणजे दुरुस्तीला येणाऱ्या कर्मचाऱ्याला जागा शोधावी लागत नाही. ही तक्रार मोटारवाल्याने आणि सायकलवाल्याने वेगवेगळी न करता, वसाहतीतील दोघांनी मिळून एकाच मजकुराने करावी आणि काम पूर्ण झाल्याचा संदेश आला तरी जागेवर जाऊन खात्री करून घ्यावी.